खिडकीची काच, रंगाचा हात आणि आपली दियानतदारी

गेल्या वर्षीच्या पहिल्या पावसात आमच्या घराच्या माडीवरील एका खिडकीचे तावदान निखळून खाली गल्लीत पडले. असरची नमाज नुकतीच झाली होती. मदरशातून परतणारी मुले त्याच ओट्यावर बसतात, ती त्या दिवशी पावसामुळे दोन घरे अलीकडेच थांबली होती. अल्लाहने वाचविले. काच दगडी फरशीवर आपटून तिच्या सुऱ्यांसारख्या लांब फाका झाल्या होत्या. त्या मी स्वतः वेचल्या आणि वेचताना एकच विचार मनात येत होता. याच खिडकीला तीन महिन्यांपूर्वी, रमजान ईदच्या आधी, मी नवा रंग दिला होता. रंग अजून चकचकीत होता. त्यात तोंड दिसत होते.

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे घालविलेल्या माणसाने खिडक्यांवर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. परंतु त्या एका तावदानाने मला जे शिकविले ते आपल्या अनेक धंद्यांना लागू पडते. शिवाय रंगारी, सुतार, काचवाले, फॅब्रिकेशनवाले यांच्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा हे त्यांच्या पोटापाण्याचेच बोलणे आहे.

आमचे घर वालिदसाहेबांनी १९७१ साली बांधले. चार सागवानी खिडक्या, प्रत्येकीला दोन झडपा, प्रत्येक झडपेत दोन तावदाने. मालेगावातील घर म्हणजे शेजारी यंत्रमाग असणारच. मागांचा धक्का भिंतीतून चौकटीत येतो आणि काच रात्रंदिवस थरथरते. काच लाकडाच्या खाचेत बसविताना जी लांबी भरतात ती ताजी असेपर्यंत हा धक्का सोसते. पंचवीस-तीस वर्षांत ती वाळून दगड होते, तिला भेगा पडतात आणि भेगांतून पाणी खाली उतरते. ते पाणी झडपेच्या खालच्या आडव्या पट्टीत साचते. सागवान झाले तरी किती सोसणार? ते आतून कुजत जाते. वरून रंगाचा पापुद्रा शाबूत, आत भुसा.

आमच्या खिडकीचे हेच झाले होते. रंगाऱ्याने तो भुसा पाहिला होता. मी नंतर त्याला बोलावून विचारले, तेव्हा त्याने नाकारले नाही. खळग्यांत त्याने लांबी दाबली, वरून पॉलिश पेपर मारला आणि ऑइलपेंटचे दोन हात दिले. काच कुजक्या लाकडावर केवळ रंगाच्या आधाराने उभी राहिली. मी रागावून बोललो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सेठ, तुम्ही रंगाचे पैसे ठरविले होते, लाकूड तपासायचे नव्हते. आणि ठरल्या रकमेतूनही दीड हजार कमी करून घेतले होते. लाकूड सडले आहे असे मी सांगितले असते, तर तुम्हाला वाटले असते की पैसे वाढवायला बहाणा करतोय. काम दुसऱ्याला गेले असते."

मला उत्तर देता आले नाही. कारण तो खरे बोलत होता.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे, तो आपल्यापैकी बहुतेकांनी जुम्याच्या बयानात ऐकला असेल. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका ढिगात त्यांनी हात घातला. वरचे धान्य कोरडे होते, आतले ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, हा आपस (स.) यांचा सवाल होता. धान्य भिजणे हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ते कोरड्याखाली झाकणे हा होता. मी हा प्रसंग कापडाच्या बाबतीत नेहमी आठवतो. थानाच्या वरच्या घडीला स्वच्छ माल आणि आतल्या घड्यांत तुटलेला बाणा, तेलाचे डाग, हे आमच्या बाजारात घडतच नाही असे कोणी म्हणू शकेल काय? पण रंगही असाच वरची घडी असतो, हे मला तावदान पडल्यावर समजले.

आता दुरुस्तीकडे येतो. प्रथम मी एका अॅल्युमिनियमवाल्याला बोलावले. त्याने खिडकीला हातही न लावता, जिन्यातूनच पाहून सांगितले की चारही काढून टाका, सरकत्या खिडक्या बसवू. चौतीस हजार रुपये, भिंतीची डागडुजी वेगळी. तो खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या दुकानात जे आहे तेच तो विकणार. परंतु ज्याला बदलणेच येते त्याला विचारले, तर सल्ला बदलण्याचाच मिळतो, हे गिऱ्हाइकाने लक्षात ठेवले पाहिजे. फाटलेल्या शेरवानीबद्दल रेडिमेडवाल्याला विचारून काय उपयोग? त्यासाठी रफूगर लागतो.

खिडकीचा रफूगर मला मशिदीतच भेटला. सत्तरीला आलेले एक मिस्तरी, उमेदीची सगळी वर्षे मुंबईत सुतारकाम केलेले. त्यांनी काय केले तर आधी खिशातून बारीक पेचकस काढला आणि प्रत्येक झडपेच्या लाकडात ठिकठिकाणी टोचून पाहिले. जिथे टोक रुतत नव्हते ते लाकूड पक्के. जिथे लोण्यासारखे आत गेले तिथे खडूने खूण केली. सोळा तावदानांपैकी सहा बदलावी लागतील, तीन झडपांच्या खालच्या पट्ट्या नव्या घालाव्या लागतील, बाकी सर्व ठीक आहे, असे त्यांनी सांगितले. मग एका झडपेवर बोट ठेवून म्हणाले, "ही काच चांगली आहे, पण हिची लांबी दगड झाली आहे. काढताना तडकू शकते. तडकली तर कोणाची, ते आत्ताच ठरवा."

हे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटले. आपल्या फिक्हच्या किताबांत कारागिराच्या जबाबदारीवर स्वतंत्र चर्चा आहे. जो कारागीर अनेकांचे काम घेतो त्याला अजीर-ए-मुश्तरक म्हणतात. हनफी किताबांत धुलाई करणाऱ्याचे उदाहरण येते. कापड आपटताना त्याच्या हातून फाटले तर भरपाई त्याच्यावर. माल त्याच्या ताब्यात असताना त्याच्या कृतीशिवाय नष्ट झाला तर काय, यावर मात्र इमाम अबू हनीफा (रह.) आणि त्यांचे दोन शागिर्द, इमाम अबू यूसुफ व इमाम मुहम्मद (रह.), यांच्यात मतभेद आहे. मी आलिम नाही. फतवा मुफ्तीसाहेबांकडूनच घ्यावा. पण ज्या दीनमध्ये धोब्याच्या हातून फाटलेल्या कापडाचाही विचार इतक्या बारकाईने झाला, त्या दीनच्या मानणाऱ्यांत काच फुटल्यावर गल्लीत आरडाओरड व्हावी, हे बरे नाही. आधी बोलून घेतले की भांडण उरत नाही. आम्ही ठरविले की त्या काचेचे निम्मे त्यांचे, निम्मे माझे. काच सहीसलामत निघाली, ही गोष्ट वेगळी.

त्यांचे काम मी तीन दिवस दुकान सोडून पाहिले. ज्यांना या धंद्यात मुले घालायची आहेत त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो.

जुनी लांबी ते हातोडीने फोडीत नसत. पटाशी खाचेला समांतर धरून हळूहळू खरवडीत. जिथे ती अजिबात सुटत नव्हती तिथे कच्च्या जवसाच्या तेलाचा बोळा रात्रभर लावून ठेवीत. तडा गेलेल्या काचेवर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावूनच ती काढीत, म्हणजे तुकडे उडत नाहीत. हातात जाड मोजे आणि पायात बूट असल्याखेरीज त्यांनी शागिर्दाला काचेजवळ येऊ दिले नाही. खाच उघडी पडल्यावर लाकडाला आधी प्रायमरचा हात. हा हात बहुतेक रंगारी गाळतात. कोरडे लाकूड लांबीतील तेल पिऊन घेते, मग लांबी अकाली वाळते आणि तडकते. दोन रुपयांच्या प्रायमरसाठी पूर्ण काम दोन वर्षांत वाया जाते.

काच खाचेच्या मापाइतकीच कापायची नसते. लांबी-रुंदीत सुमारे तीन मिलिमीटर कमी ठेवायची, म्हणजे चारी बाजूंना दीड-दीड मिलिमीटर मोकळीक राहते. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर जातो, पावसाळ्यात लाकूड फुगते. अगदी घट्ट बसविलेली काच पहिल्याच मोसमात तडकते. (खिडकीला काळी फिल्म चिकटविणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. फिल्ममुळे काचेचा मधला भाग तापतो, चौकटीत दडलेली कड थंड राहते आणि काच आपोआप तडकू शकते. मग दगड कोणी मारला याची चौकशी सुरू होते.)

कापताना हिऱ्याची कलम एकाच रेघेत, एकाच जोराने ओढायची. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कलम फिरविली की कड बिघडली. मग खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच दाबून बसवायची, बारीक चुका ठोकायच्या आणि बाहेरून लांबीचा तिरपा उतार द्यायचा, म्हणजे पाणी बाहेर ओघळते. लांबी ते विकतची घेत नाहीत. खडूच्या बारीक पुडीत जवसाचे तेल थोडे थोडे घालून कणकेसारखी मळतात. हाताला चिकटेनाशी झाली की तयार.

यानंतर धीर धरावा लागतो. अशा लांबीवर साय धरायला एक-दोन आठवडे लागतात, त्याआधी रंग देऊ नये. पण गिऱ्हाइकाला ईदच्या आधी सगळे चकाचक हवे असते आणि रंगाऱ्याला दुसऱ्या दिवशी हिशेब हवा असतो. दोघांच्या घाईत खिडकी मरते. रंग देतानाही ब्रश लांबीवरून काचेवर दोन मिलिमीटर जाऊ द्यावा. त्या बारीक रेघेने लांबी आणि काच यांतील फट बंद होते. आपण मात्र रंगाऱ्याला ब्लेडने अगदी कडेपर्यंत काच साफ करायला लावतो आणि काम किती सफाईचे झाले म्हणून खूश होतो. तीच सफाई पाण्याला वाट करून देते.

जुना रंग काढण्याबाबत एक गोष्ट रंगारी बांधवांनी मनावर घेतली पाहिजे. घरगुती रंगात शिसे दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आपल्या देशात नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे त्याआधीच्या, विशेषतः जुन्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे असण्याचा संभव धरूनच चालले पाहिजे. तो कोरडा घासला की धूळ उडते, दिव्याने जाळला की वाफ होते, आणि दोन्ही पोटात व फुप्फुसात जातात. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो. पाणी लावून पॉलिश पेपर मारावा, खाली जुनी चादर किंवा प्लास्टिक अंथरावे, मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या खोलीत येऊ देऊ नये, आणि घरी जाऊन मुलाला उचलण्याआधी कपडे बदलावेत. ज्या रंगाऱ्याची सगळी हयात याच धुळीत जाते त्याचे पहिले नुकसान त्याचे स्वतःचे असते.

आता हिशेब. मिस्तरी व त्यांच्या शागिर्दाची तीन दिवसांची मजुरी ५,४०० रुपये, सागवानी पट्ट्या १,४००, सहा काचा १,०८०, प्रायमर, लांबी व रंगाचे सामान १,३००. एकूण ९,१८० रुपये. कुठे चौतीस हजार आणि कुठे हे! आणि यातला मोठा वाटा मजुरीचा आहे, म्हणजे पैसा कंपनीकडे न जाता कारागिराच्या घरात गेला. खिडकी बदलली असती तर अॅल्युमिनियम आणि काच यांचीच किंमत बहुतेक रक्कम खाऊन गेली असती. दुरुस्तीच्या कामात हुनर विकले जाते. आमच्यासारख्या भांडवल कमी आणि हात जास्त असलेल्या समाजाला हाच धंदा परवडणारा आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

यातील काचांच्या १,०८० रुपयांची एक हकीकत सांगायची राहिली.

काच मीच जाऊन आणली होती. चार मिलिमीटरची, साठ रुपये चौरस फूट. एकेक तावदान १८ इंच बाय २४ इंच, म्हणजे बरोबर तीन चौरस फूट. घरी आणल्यावर हाताला हलकी वाटली. आम्ही कापडवाले डोळ्यांपेक्षा वजनावर भरवसा ठेवतो. एक चौरस मीटर कापडाचे वजन किती ग्रॅम, म्हणजे जीएसएम, यावर आमचा सौदा ठरतो. विचार केला की काचेचेही जीएसएम असलेच पाहिजे. ते आहे आणि अगदी सोपे आहे. एक मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर काचेचे वजन अडीच किलो. चार मिलिमीटरची असेल तर दहा किलो. या हिशेबाने तीन चौरस फुटांचे तावदान २ किलो ७९० ग्रॅमच्या आसपास भरले पाहिजे. दुकानातील काट्यावर ठेवले, तर २ किलो ४४० ग्रॅम. उलटा हिशेब केला, जाडी साडेतीन मिलिमीटर निघाली.

दुकानदाराकडे परत गेलो. तो अपरिचित नव्हता. हसला आणि म्हणाला, "भाई, बाजारात यालाच चार म्हणतात." मी म्हटले, मग खऱ्या चारला काय म्हणतात? म्हणाला, "फुल चार. त्याचा भाव वेगळा."

पैशाच्या दृष्टीने पाहिले तर अर्धा मिलिमीटर म्हणजे आठवा हिस्सा, १,०८० रुपयांत १३५ रुपये. त्यासाठी कोणी भांडत नाही. परंतु काचेची वारा सोसण्याची ताकद तिच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. जाडी आठव्या हिश्श्याने घटली की ताकद जवळजवळ चौथ्या हिश्श्याने घटते. माडीवरच्या खिडकीत, खाली मुले बसत असताना, हा चौथा हिस्सा १३५ रुपयांचा नसतो. मी फरक भरून फुल चार घेतली.

परंतु घरी येताना मला दुसऱ्याच गोष्टीची लाज वाटत होती. "बाजारात यालाच चार म्हणतात" हे वाक्य मी स्वतः किती वेळा बोललो होतो! चव्वेचाळीस पन्ना म्हणून विकलेले कापड त्रेचाळीसच भरते आणि गिऱ्हाईक टेप लावू लागले की आम्ही हेच म्हणतो. सगळा बाजार तसेच बोलतो म्हणून ते खरे होत नाही. माप कमी देणाऱ्यांवर कुरआनात सबंध एक सूरह आहे, तिचे नावच मुतफ्फिफीन आहे. ती आपण नमाजात ऐकतो आणि सलाम फिरवून गल्ल्यावर येऊन बसतो. त्या दिवसापासून मी बिलावर प्रत्यक्ष भरलेला पन्ना लिहितो. सुरुवातीला दोन व्यापारी सोडून गेले. त्यांतील एक परत आला, दुसरा आला नाही.

काचवाल्या बांधवांना माझी विनंती एवढीच आहे की साडेतीनची काच विकू नका असे कोणी म्हणत नाही. लहान तावदानाला, तळमजल्याला ती चालूही शकते. पण बिलावर साडेतीन लिहा. काही दुकानांत माप वरच्या तीन इंचांच्या पटीत धरतात. छाट वाया जाते, त्याचा खर्च दुकानदाराने कोठून काढावा? तेही रास्तच आहे. फक्त ते कापण्याआधी सांगा, नंतर नको. टफन्ड काच देत असाल तर तिच्यावरील आयएस २५५३ ची खूण गिऱ्हाइकाला दाखवा, आणि ती एकदा भट्टीतून निघाली की कापता किंवा भोक पाडता येत नाही, हेही सांगा, म्हणजे माप चुकल्याचा वाद होणार नाही. ती फुटली तर तिचे बारीक दाणे होतात, साध्या काचेसारख्या सुऱ्या होत नाहीत. जिन्यावर, मुलांच्या खोलीत, गल्लीवरच्या उंच खिडकीत ऐपत असेल त्याने तीच घ्यावी.

जुन्या काचेशेजारी नवी बसविली की गिऱ्हाईक एक तक्रार हमखास करते. जुन्या काचेतून समोरचा मिनार किंचित लहरता दिसतो, नव्यातून सरळ, तेव्हा एक तरी काच खराब असली पाहिजे! तसे नाही. पूर्वी वितळलेली काच ओढून तिचे तक्ते करीत, त्यात लाटा राहत. वितळलेल्या कथलावर काच तरंगत पसरविण्याची फ्लोट पद्धत ब्रिटनमध्ये पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली आणि आपल्याकडे तळोजा, अंकलेश्वर येथील कारखान्यांतून ती काच १९९० च्या दशकात निघू लागली. म्हणून आमच्या घरच्या १९७१ च्या काचा लहरी आहेत. मला त्या तशाच आवडतात. दहा शिल्लक आहेत.

खरी अडचण अशी आहे की खिडकी एक आणि तिचे कारागीर तीन. सुतार लाकूड पाहतो, काचवाला काच, रंगारी रंग. काच का पडली असे विचारले तर सुतार लांबीकडे बोट दाखवितो, काचवाला लाकडाकडे आणि रंगारी म्हणतो की मला दोन्हीशी काय घेणे. माझे रंगारी चुकीचे नव्हते, ते फक्त एक-तृतीयांश कारागीर होते. ज्या मिस्तरींनी माझे काम केले त्यांना तिन्ही येत होते, म्हणून त्यांना बहाणा उरला नव्हता. असे लोक आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत आणि त्यांची मुले हे काम करीत नाहीत. मिस्तरींच्या घरीही तेच. एक मुलगा आखातात, दुसरा मोबाइलच्या दुकानात.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. सुतार, गवंडी, कुलपे बनविणारे, शिंपी, धोबी आहेत. काच बसविणारा आणि रंगारी नाहीत. तथापि सुतार म्हणून नोंदणी करून ज्याला यायचे आहे त्याने यावे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. योजनेतील कर्ज पाच टक्के व्याजाचे आहे. त्यापासून दूर राहायचे असेल तर राहावे, पण भत्ता आणि अवजारे यांत व्याजाचा संबंध नाही आणि केवळ "सरकारी योजना आपल्यासाठी नसते" एवढ्या समजुतीवर ती सोडून देणे शहाणपणाचे नाही. आपल्या बैतुलमालमधून किंवा मोहल्ल्याच्या कमिटीतून एखाद्या मुलाला हिऱ्याची कलम, पटाशी, रंधा आणि वजनकाटा घेऊन दिला तर दरसाल रेशन देण्यापेक्षा त्या घराचे अधिक भले होईल.

गिऱ्हाईक म्हणून आपल्यावरही काही येते. मी दीड हजार रुपये कमी करून घेतले, त्या दीड हजारांत रंगाऱ्याचे तोंड बंद झाले, हे मी वर लिहिलेच आहे. घासाघीस करण्याची आम्हा व्यापाऱ्यांना इतकी सवय असते की समोरच्याची मजुरी आणि नफा यांतील फरकच आपण विसरतो. कापडाच्या भावात नफा असतो, तो कमी केला तरी व्यापारी जगतो. मजुराच्या भावात त्याची संध्याकाळची भाकर असते. ती कमी केली तर तो कामातून काढून घेतो, आणि कुठून काढले हे आपल्याला तीन महिन्यांनी कळते. काम ठरविताना दोन भाग करावेत: आधी तपासणी, तिचे वेगळे पैसे, मग दुरुस्ती. तपासणीचे दोनशे-तीनशे रुपये मिळाले की कारागिराला दोष सांगण्याची भीती राहत नाही, कारण दोष शोधणे हेच त्याचे काम ठरते. आणि जे ठरेल ते कागदावर लिहावे. कोणती काच, किती जाडीची, कोणते लाकूड बदलायचे, लांबी किती दिवस वाळू द्यायची. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यासंबंधीची सूरह बकरामधील २८२ वी आयत ही कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे. आपल्यात मात्र चिठ्ठी मागितली की लोकांना अविश्वास वाटतो.

त्या रंगाऱ्याचे काय झाले, असे काही जण विचारतात. त्याला मी मिस्तरींच्या हाताखाली तीन दिवस उभे केले होते. हिशेबात जो शागिर्द लिहिला आहे, तो हाच. लांबीचा उतार त्याला दुसऱ्या दिवशीच जमला. काच कापणे अजून जमत नाही, रेघ दोनदा ओढतो. या पावसाळ्याआधी शेजारच्या दोन घरांच्या खिडक्यांचे काम त्याने घेतले आहे आणि रंगाआधी पेचकस टोचून पाहण्याचे तीनशे रुपये वेगळे घेतो. पहिल्या घरमालकाने ते द्यायला कुरकुर केली. मग एका झडपेत पेचकस मुठीपर्यंत गेला, तेव्हा दिले.